नाव कोण बघतं

माझ्या वहिनी दुसऱ्या एका लेखिकेच्या पावलावर पाऊल टाकून लिहितात, असं मी एका अहवालात लिहिलं. त्या दुसऱ्या लेखिकाही वहिनीच होत्या. एका बाईच्या मी दोन केल्या. पहिलीला विषय अर्धवट टाकून गेलेली म्हटलं, आणि दुसरीला तिची अनुयायी. ही चूक माझी आहे. संगणकावर किंवा टायपिस्टवर ढकलण्यासारखं त्यात काही नाही. चूक कळल्यावर मी अख्खा उन्हाळा गप्प बसलो, तेही माझंच. हे दुसरं पहिल्यापेक्षा वाईट होतं, म्हणून लिहितो आहे.

मी ग्रंथपाल आहे. इंदूरच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं नोकरी करतो. पुस्तकं देणं-घेणं हा या कामाचा लोकांना दिसणारा भाग. मला आवडतो तो न दिसणारा भाग, म्हणजे कोण कुणाचं वाचतं आणि कोण कुणाचा आधार घेतं हे शोधणं. संशोधनाच्या लेखाच्या शेवटी लेखक आपण कुणाकुणाचं लेखन वापरलं ते नोंदवतो. या दाखल्याला आमच्यात सायटेशन म्हणतात. एखाद्या लेखाचा दाखला किती जणांनी दिला, यावरून त्याचं वजन ठरवतात. या मोजणीत खोट असते, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. पण खोट कुठे असते हे ठाऊक असल्यामुळेच मला हे काम चांगलं येतं. आजही येतं. आमच्या शहरात इतक्या बारकाईने ते करणारे फार नाहीत.

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयावरचं एक इंग्रजी त्रैमासिक आमच्या शहरातून निघतं. सीमा, करार, युद्धं टाळायचे उपाय, शेजारी देशांची भांडणं, असे त्याचे विषय. राजधानीपासून इतक्या लांब असं त्रैमासिक निघावं आणि टिकावं, याचा आम्हाला अभिमान आहे. त्याच्या संपादकांनी मला बोलावलं. निवृत्त प्राध्यापक, पक्के इंदुरी, कुलगुरूंनाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारे. त्यांना त्रैमासिकातल्या निवडक लेखांचं पुस्तक काढायचं होतं.

"देखो भिया," ते म्हणाले, "फोन आने लगे हैं अभी से. मेरे को किसी की सिफारिश नहीं चाहिए. जो पढ़ा गया, वो छपेगा. तुम गिन के बताओ."

म्हणजे काम दोन पदरी होतं. पहिल्या अंकापासून आजपर्यंत कोणते विषय आले आणि कोणते मागे पडले, ते पाहायचं. कोणता लेख किती दूर पोचला, तेही मोजायचं. मोजणीत जे वर येतील ते लेख पुस्तकात जातील, आणि माझा अहवाल पुस्तकाचं शेवटचं प्रकरण म्हणून छापला जाईल, असं ठरलं. मी खुश झालो. दुसऱ्यांची पुस्तकं लावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पुस्तकात जागा मिळत होती.

या कामात सगळ्यात कटकट नावांची. एकच माणूस कधी पूर्ण नाव लिहितो, कधी नुसती आद्याक्षरं. कधी वडिलांचं नाव मध्ये घालतो, कधी गाळतो. इंग्रजी स्पेलिंग बदललं की संगणकाला दोन माणसं दिसतात आणि दाखले दोन्हीकडे विभागले जातात. मी अशी नावं एकेक करून जोडली. एक गृहस्थ परदेशी स्थायिक झाले होते. तिथल्या लोकांना उच्चार जमावा म्हणून त्यांनी आडनाव निम्मं कापलं होतं. मी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून खात्री केली, आणि त्यांचा एकही दाखला वाया जाऊ दिला नाही.

कुठेतरी थांबायला हवं म्हणून मी एक नियम केला: आद्याक्षर आणि आडनाव दोन्ही वेगळी असतील, तर माणूस वेगळा. अहवालाच्या सुरुवातीलाच तो ठळक अक्षरांत छापला. मराठी घरात जन्मलेल्या, लग्नांच्या पंगतीत वाढलेल्या माणसाने हा नियम केला.

विषयांची मांडणी करताना मला एक छोटी वाट सापडली. ज्या देशांना समुद्र नाही, त्यांचा माल शेजाऱ्यांच्या रस्त्यांवरून जातो. त्या वाटेवर त्यांचा हक्क कोणता, असा तो विषय. एका बाईंनी त्यावर फार पूर्वी दोन लेख लिहिले होते. एक आद्याक्षर आणि एक आडनाव, आणि आडनावही असं की इंदुरात दर गल्लीत सापडावं. त्यानंतर काही वर्षं शांतता. मग त्याच विषयावर माझ्या वहिनींचे लेख. वहिनी मुलींच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या, तेव्हा हे लेख त्यांचे आहेत हे मला ठाऊक होतं. आपल्या आडनावाचा मोह नको म्हणून मी त्यांच्या बाबतीत जास्तच कडक राहिलो. घरी जाऊन एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. नि:पक्षपातीपणा म्हणजे न विचारणं, असं तेव्हा मला वाटत होतं.

वहिनींच्या लेखांत त्या पहिल्या बाईंचे दाखले पुन्हा पुन्हा येत होते. त्यावरून मी निष्कर्ष काढला. पहिल्या लेखिकेने विषय सुरू केला पण पुढे नेला नाही. दुसरीवर पहिलीचा प्रभाव स्पष्ट आहे. दोघींचे दाखले वेगवेगळे मोजले तर दोघीही निवडीच्या रेषेखाली राहत होत्या.

अहवाल बैठकीत मंजूर झाला. संपादकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या रविवारी मी एक प्रत घेऊन जुनी इंदूर भागात दादाकडे गेलो. वहिनींचं नाव त्यात होतं, त्यांना बरं वाटेल असा माझा हिशेब.

वहिनी परातीत भुट्टे किसत बसल्या होत्या. दादा पेपर वाचत होता. वहिनींनी हात पुसले, चष्मा लावला आणि मी खूण घातलेलं पान काढलं. वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचलं.

"छान लिहिलंय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "या बाईंचा माझ्यावर प्रभाव आहे, हे बरोबर ओळखलंत."

"म्हणजे तुम्ही ओळखता त्यांना? मला त्यांचं पुढे काहीच सापडलं नाही."

"ओळखते ना. मानपूरच्या आहेत."

"मग लिहिणं का सोडलं त्यांनी?"

वहिनींनी भुट्टा उचलला आणि किसायला लागल्या. दादाने पेपर खाली केला.

"अरे ओ ग्रंथपालजी! सोडलं कुठे? मी बँड लावून घरी आणलं त्यांना. तुझ्यासमोर बसून भुट्टे किसून राहिल्या आहेत."

तो मोठ्याने हसला. मीही हसलो.

"आता काय, नवीन छापा," दादा म्हणाला. "लिहा, दोन्ही बाया एकाच चुलीवर चहा करतात."

"राहू द्या हो," वहिनी म्हणाल्या. "त्यांचं काम झालंय पूर्ण. कशाला आता."

भुट्ट्याचा कीस नेहमीसारखाच झाला असणार. मला चव लागली नाही.

वहिनींचं माहेर मानपूरचं. हमरस्त्याला लागून त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. ट्रक घाटाआधी थांबायचे, ड्रायव्हर बिडी-साबण घ्यायचे, आणि दुकानाच्या पायरीवर बसून ही मुलगी नंबरप्लेटवरून राज्यं ओळखायची. एखाद्या नाक्यावर गाड्या अडवल्या की आमच्या मानपुरात साबण महाग व्हायचा, असं त्या अजून सांगतात. समुद्र नसलेल्या देशांचा विषय त्यांना त्या पायरीवर सापडला. लग्नाआधीच त्या शिकवायला लागल्या होत्या, आणि दोन लेखही छापून आले होते. हे सगळं मी कितीदा ऐकलं होतं. पण ऐकताना त्या मुलीला नाव होतं, हे माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं. मी त्यांना इतकी वर्षं वहिनी म्हणत होतो. माहेरचं नाव आठवायला मला त्या रविवारी घरी येईपर्यंतचा रस्ता लागला.

त्यांची दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. त्यांनीच सांगितलं, "तुमच्या लिखाणात नावं नकोत, भाऊजी. आधीच पुष्कळ झालीत."

नाव आठवलं तसं ताटही आठवलं. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, पाळण्यातलं नावही बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यावर नवीन नाव लिहायचं, ते मोठ्याने वाचायचं आणि पेढे वाटायचे. दादाच्या लग्नात ताट आलं तरी नाव ठरलं नव्हतं. आईला दादाच्या नावाशी जुळणारं हवं होतं. सगळे सुचवत होते, आईला पटत नव्हतं. मी तेव्हा ग्रंथालयशास्त्र शिकत होतो, आणि आपल्याला शब्दांतलं कळतं अशी माझी समजूत होती. मी एक नाव सुचवलं. आईला आवडलं.

वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "नाव चांगलं आहे. पण माझे दोन लेख जुन्या नावाने छापलेले आहेत."

कुणालाच नीट कळलं नाही. एक मावशी म्हणाली, "लेख? कसले लेख, बाई?" तेव्हा मी पुढे झालो आणि म्हणालो, "वहिनी, लोक लेख वाचतात. नाव कोण बघतं?"

सगळे हसले. वहिनीही थोड्या हसल्या. "राहू द्या," म्हणाल्या. "चांगलं आहे." दादाने तांदळात नाव लिहिलं.

पुढे आयुष्यभर मी पगार घेतला तो नाव बघण्याचा.

एवढं आठवल्यावर सोमवारी सकाळी संपादकांकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. अहवाल मंजूर झाला होता. एक नाव जोडलं तर नियम मोडतो. नियम मोडला तर या त्रैमासिकात लिहिणाऱ्या किती बायका अशा दुभंगल्या असतील, हे पुन्हा तपासायला हवं, आणि सगळी मोजणी नव्याने करायला हवी. शिवाय लोक म्हणतील, वहिनीसाठी नियम बदलला. ही शेवटची सबब मला फार सोयीची वाटली, कारण तिच्यात मी प्रामाणिक दिसत होतो. आणि वहिनी स्वतःच तर म्हणाल्या होत्या, राहू द्या. मी त्या दोन शब्दांवर टेकून बसलो.

उन्हाळा संपत आला तेव्हा एका संध्याकाळी दादाला चष्मा बदलायचा होता, म्हणून आम्ही बाजारात गेलो. चष्मा तयार व्हायला वेळ होता. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर, होळकरांच्या त्या समाध्यांसमोर, कठड्यावर बसलो. दादा म्हणाला,

"ती रोज मेल बघते रे."

"कोण?"

"तुझी वहिनी, और कोण? त्या निवडक लेखांच्या पुस्तकाचे मेल गेलेत म्हणे लोकांना. तिच्याबरोबर शिकवणाऱ्या एकीला आला. तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी मोबाइल. बोलत काही नाही. मी विचारलं तर म्हणते, हवामान बघतेय."

"पण वहिनी म्हणाल्या होत्या ना, राहू द्या."

दादाने माझ्याकडे असं बघितलं की मला लहानपणीचा मार आठवला.

"तू आमच्याच घरचा ना? मग तिचं 'राहू द्या' तुला कळत नाही? तांदळात नाव लिहिलं तेव्हाही तेच म्हणाली होती. मला पण तेव्हा नाही कळलं. पण मी काय, बिजली ऑफिसातला माणूस. तू तर यार या धंद्यातला."

पुस्तक छापायला जाणार होतं. एकदा गेलं की असं पुस्तक दुसऱ्यांदा निघत नाही. वहिनी निवृत्त झालेल्या, नवीन लेख लिहून नाव कमवायचे दिवस गेलेले. जे लिहिलं ते एकाच बाईचं म्हणून मोजलं जाण्याची ही शेवटची संधी होती, आणि ती माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकांच्या खोलीत जाऊन मी उभ्यानेच सांगितलं, "सर, मेरी गिनती गलत है."

"अरे भिया, किताब प्रेस में जा रही है. कितनी गलत?"

मी सगळं सांगितलं. नियम, तांदूळ, मानपूर, आणि उन्हाळाभर गप्प बसलो तेही.

"आपकी भाभीजी हैं?" शेवटी त्यांनी विचारलं. आतापर्यंत मला तुम म्हणणारा माणूस आपवर आला होता.

"जी."

"लोग बोलेंगे."

"बोलने दीजिए. घर की हैं, इसीलिए पहले पूछा नहीं. वही गलती हुई."

"एक को जोड़ोगे तो सबको जोड़ना पड़ेगा."

"जोड़ के देता हूँ."

त्यांनी पुस्तकाची पानं उलटून पाहिली. "जगह नहीं बची है. कोई लेख अंदर आएगा तो कोई बाहर जाएगा."

"मेरा वाला निकाल दीजिए."

यात मोठेपणा नव्हता. चुकीचा अहवाल तसाही छापता आला नसता. तरीही ते वाक्य तोंडातून निघायला जड गेलं, हे कबूल करतो.

मग मी ते काम केलं जे आधी करायला हवं होतं. त्रैमासिकात लिहिलेल्या जितक्या बायकांचा पत्ता लागला, त्या सगळ्यांना विचारलं: आपलं लेखन आधी दुसऱ्या नावाने छापलेलं आहे का? उत्तरं भराभर आली. एका बाईंनी फोनच केला. "तीन नावं आहेत," त्या म्हणाल्या. "माहेरचं, सासरचं, आणि घटस्फोटानंतर परत माहेरचं. लिहून घ्या, पुन्हा कुणी विचारेल असं वाटत नाही." मी लिहून घेतलं.

नावं जुळत गेली तसे विषयांचे आलेख बदलले. जिथे मी विषय संपला असं लिहिलं होतं, तिथे बऱ्याचदा फक्त कुणाचं तरी लग्न झालं होतं. वहिनींचे दाखले जोडताना एक कापाकापीही करावी लागली. दोन बायका एक झाल्या की एकीने दुसरीचे दिलेले दाखले हे स्वतःचेच दाखले ठरतात, आणि ते मोजत नाहीत. मी ते सगळे वजा केले, एकही ठेवला नाही. तरीही त्यांचा पहिला लेख रेषेच्या बराच वर राहिला. मोजणी माझी होती, आणि या वेळी मी तिच्यावर कुणाशीही भांडायला तयार होतो. कुणी भांडलं नाही.

वहिनींना मेल गेल्याचं संपादकांनी कळवलं, तशी मी स्कूटर जुनी इंदूरकडे वळवली. दादा दारातच होता. "जा आत," एवढंच म्हणाला, आणि चप्पल घालून कोपऱ्यावर निघून गेला. दादाला इतका समजूतदार मी कधी पाहिला नव्हता.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. चहाचं आधण ठेवलं होतं. कोणत्या नावाने छापायचं असं मेलमध्ये विचारलं होतं, आणि त्यांनी उत्तर धाडलंही होतं: लिहिलं तेव्हा जे नाव होतं, त्याच नावाने.

मी ओट्याशी उभा राहून सगळं सांगितलं. नियम कसा बदलला, किती जणींची नावं जुळली, माझं प्रकरण कसं काढलं. सांगता सांगता माझ्या आवाजात थोडी ऐट आली असावी. वहिनींनी साखर घातली, ढवळलं.

"दुरुस्ती चांगली केलीत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण ती तुमची नोकरीच आहे."

आणि गॅस बारीक करून माझ्याकडे बघत थांबल्या. या वेळी त्यांनी राहू द्या म्हटलं नाही.

मी त्यांना माहेरच्या नावाने हाक मारली. माझ्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच निघालं होतं. त्यांचा हात चमच्यावर तसाच राहिला.

"ताटात तांदूळ होते," मी म्हणालो, "तेव्हा तुम्ही एक साधी गोष्ट सांगितली होती. त्या मांडवात ती कळायला हवी अशी एकच व्यक्ती होती, ती मी. मी चेष्टा केली आणि सगळ्यांना हसवलं. पुढे हेच जुनं नाव माझ्या कामात समोर आलं, तेव्हा मी ओळखलं नाही. आणि ओळखल्यावर तुमच्या 'राहू द्या'च्या मागे लपून बसलो. नाव मी बघायला हवं होतं. माझं चुकलं. मला माफ करा."